मदत हवी आहे: रिव्ह्यूला घेतलेल्या पॅकेजमध्ये ओळखीचा मोर निघाला, काय लिहू?

मंडळी, नमस्कार. फेडोरा लिनक्ससाठी पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) रिव्ह्यू, म्हणजे आत घेण्याआधीची तपासणी, केलेलं इथे कोणी असेल तर जरा सांगा. दोन दिवस अडकून बसलोय.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो, संध्याकाळी फेडोरा. पॅकेजर व्हायचंय. त्याला स्पॉन्सर, म्हणजे आपल्याला गटात घेणारा जुना पॅकेजर, लागतो, आणि आपण दुसऱ्यांच्या पॅकेजचे अनौपचारिक रिव्ह्यू कसे करतो ते स्पॉन्सर बघतात. म्हणून बगझिला या नोंदींच्या साइटवर रिव्ह्यूसाठी लागलेल्या रांगेतून एक उचललं. पायथनमधला छोटा प्रोग्रॅम आहे, चित्र दिलं की जॅकार्डसाठी (नक्षी विणणारा माग) चौकटींचा ग्राफ काढून देतो. म्हटलं, घरचाच विषय.

फेडोरा-रिव्ह्यू हे तपासणीचं टूल चालवलं. (मध्येच लाईट गेली, मॉक, म्हणजे कोऱ्या जागेत पॅकेज बांधून बघणं, परत पहिल्यापासून.) बिल्ड झालं, चुका दाखवणाऱ्या आरपीएमलिंटची कुरकुर किरकोळ. स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं त्याची कृती) लायसन्स नुसतं एमआयटी लिहिलंय, पण ५ फाइलींच्या डोक्यावर 'जीपीएल २ किंवा पुढची' आहे. ते सोपं, मध्ये 'अँड' घालून दोन्ही लिहा म्हणून सांगेन.

घोडं अडलंय नमुन्यांच्या फोल्डरपाशी. १४ बीएमपी फाइली आहेत. त्यातला एक मोर उघडला आणि हातातला चहा तसाच राहिला. पिसाऱ्यात डावीकडून तिसऱ्या डोळ्यात एक चौकट जास्त आहे. ही चूक आमच्या गल्लीतल्या डिझाईन मास्तरांची. ग्राफ पेपरवर हातानं भरताना झाली, तशीच मागाची कार्डं पंच झाली आणि चादरीही तशाच विकल्या गेल्या. वडील त्याच मागावर होते, त्यामुळे त्या मोराची एक चादर आमच्या घरात आहे. लहानपणी मी त्या चौकटीवर बोट ठेवून झोपायचो. काल रात्री चादर काढून स्क्रीनशेजारी धरली आणि घरं मोजली. तोच मोर.

मास्तर आता नाहीत. रीडमीत एकच ओळ आहे, 'नमुने इंटरनेटवरून जमवलेले'. लायसन्स कुठेच नाही.

आता रिव्ह्यूत काय लिहायचं? 'मला हा मोर ओळखू आला' असं? पुरावा म्हणून चादरीचा फोटो? मास्तरांचा मुलगा ओळखीचा आहे, त्यानं मला हो म्हटलं तर भागेल का? की स्पेकच्या प्रेप भागात, म्हणजे बांधणीआधीच्या तयारीत, फोल्डर उडवा म्हणू आणि मोकळा होऊ?

स्पेकवाला: चादर घडी करून ठेवा. चोरी सिद्ध करणं रिव्ह्यूअरचं काम नाही. लायसन्स नाही म्हणजे वाटायची परवानगी नाही, इतकं पुरे. आणि तुमचं लक्ष मोराकडे असलं तरी उरलेल्या १३ फाइलींचीही तीच गत आहे. रिव्ह्यूच्या यादीत लायसन्सपुढच्या चौकटीत उद्गारचिन्ह टाका, रीडमीतली ओळ जशीच्या तशी खाली चिकटवा. मुलाचा होकार फक्त तुम्हाला असून चालत नाही. पुढे कोणीही घ्यावं, वाटावं, विकावं, अशी लेखी मुभा हवी.

प्रेपमध्ये उडवून मात्र भागणार नाही. सोर्स आरपीएमही (मूळ कोडसकटचं पॅकेज) लोकांना मिळतो आणि त्यात मूळ टारबॉल, म्हणजे लेखकानं दिलेला फाइलींचा गठ्ठा, जसाच्या तसा असतो. फाइली टारबॉलमधूनच काढायच्या आणि कशा काढल्या ती स्क्रिप्ट सोबत द्यायची. त्यापेक्षा मूळ लेखकालाच काढायला सांगितलेलं बरं.

अर्धा_वकील: थोडा फाटा फोडतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोंदणी करता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाईन मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं कारखान्यात ५० हून जास्त वेळा काढलं की त्यातला कॉपीराइट संपतो. चादरी तर हजारोंनी निघाल्या असतील. शिवाय मास्तर पगारी असतील तर मालक कारखानदार ठरू शकतो, मुलगा नाही.

स्पेकवाला: बरोबर असेल, पण पॅकेजच्या प्रती ठेवणारे मिरर सर्व्हर जगभर आहेत. एका देशाच्या कलमावर रिव्ह्यू पुढे सरकत नाही. आणि धागाकर्ते, मान्यतेचा फ्लॅग (बगझिलातली 'मंजूर' खूण) तुम्हाला अजून लावता येत नाही, तेव्हा निवाडा देऊ नका. दिसलं ते लिहा.

धागाकर्ता: आभारी आहे दोघांचा. तसंच लिहिलं, मोराचं नावही काढलं नाही. पॅकेजवाल्याचं उत्तर सभ्य आलं. त्याला वाटलं होतं चित्रांना लायसन्स लागत नाही. फोल्डर काढायला तो तयार आहे, पण स्पेकच्या चेक भागातल्या टेस्ट त्याच मोरावर चालतात, म्हणजे काढला की बिल्ड कोसळणार. म्हणून मी रात्री २४ बाय २४ चा साधा चौकडा स्वतः भरला आणि एमआयटीखाली त्याला देऊ केला.

वडिलांना दाखवला. चष्मा वर करून म्हणाले, "हे मागावर चालायचं नाही. एवढा काळा ठोकळा एकसलग भरलास, धागा मोकळा लोंबेल, कुठंही अडकेल."

टेस्टपुरता चालेल ना?