काकडीला नुसती मादी फुलं, फळ बोटाएवढं होऊन गळतंय – मदत हवी आहे

अंगणवेल:

नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो. घरामागे छोटं अंगण आहे, तिथे दर पावसाळ्यात पडवळ, दोडकी, भेंडी होते. काकडी या वर्षी पहिल्यांदाच लावली, तीही संकरित. मुलाला शाळेच्या डब्यात रोज काकडी लागते आणि बाजारातली दोनदा कडू निघाली, म्हणून ही हौस.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बी टोचलं, आज ४२ वा दिवस. १५ इंची सहा ग्रो बॅगा, प्रत्येकीत एक वेल. अंगणातली लाल माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड. पाणी साचू नये म्हणून बॅगा विटांवर ठेवल्यात. वर नायलॉनच्या जाळीचा मांडव. पाऊस नसेल त्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी दोन चांगलं ऊन मिळतं.

वेल दृष्ट लागण्यासारखे वाढलेत. दोन-तीन पानांवर केवडा (पानांवर पिवळे डाग पाडणारा बुरशीसारखा रोग) दिसला, ती पानं लगेच काढून लांब टाकली. पाचव्या पानापासून जवळजवळ प्रत्येक पेराशी कळी आहे आणि प्रत्येक कळीमागे इवलीशी काकडी. काही पेरांवर तर दोन-दोन. काल मोजल्या, सहा वेलांवर मिळून ३७ भरल्या.

पण गेल्या बारा दिवसांत एकही काकडी मोठी झालेली नाही. फूल उमलतं, दुसऱ्या दिवशी कोमेजतं. मग काकडीचं टोक पिवळं पडतं, सुरकुततं, आणि पाचव्या दिवशी हात लावला की फळ हातात येतं. देठाकडची बाजू तोवर हिरवीच असते. चार-पाच चिरून पाहिली. आत अळी नाही, बाहेर छिद्र नाही, डिंकासारखा थेंबही नाही.

माझ्या समजुतीने केलेले उपाय: जास्त पाण्याची शंका आली म्हणून पाणी कमी केलं. मग कमी पडत असेल असं वाटून परत वाढवलं. गांडूळखत दिलं. ताकात हिंग घालून फवारलं, कारण आमच्याकडे फूल गळलं की ते करतात. काहीच फरक नाही.

रोज सकाळी सासूबाई मांडवाखाली जाऊन बघतात आणि गळलेल्या काकड्या ओच्यात घेऊन येतात. मला फार वाईट वाटतं. काय चुकतंय ते कृपया सांगा.

ओली माती:

कॅल्शियम आणि बोरॉन कमी पडत असणार. दोन्ही फवारा, आठवड्यात फरक दिसेल. माझ्या टोमॅटोला दिसला होता.

गच्चीवाली:

मी पुण्यात गच्चीवर काकडी लावते. माझ्या वेलांवरही सगळी मादी फुलंच येतात आणि काकड्या भरपूर लागतात, त्यामुळे फुलांचा प्रश्न नसावा. तुमच्याकडे हवा फार दमट आहे, त्याचा परिणाम असेल.

बांधावरून:

ताई, तुम्ही फार नीट लिहिलंय, त्यामुळे अंदाज बांधता येतोय. तरी तीन गोष्टी विचारतो. एक, वेलावर एकही नर फूल आहे का? नर फूल म्हणजे ज्याच्या मागे काकडी नसते, नुसता बारीक देठ असतो. साध्या काकडीत ती आधी येतात आणि घोसाने येतात. दोन, बियांच्या पाकिटावर काय छापलंय? तीन, पाकिटात सगळं बी एकाच रंगाचं होतं का?

तोवर काही फवारू नका.

अंगणवेल:

दादा, तुमचं वाचून टॉर्च घेऊन मांडवाखाली गेले. सहा वेलांवर एकही नर फूल नाही. पडवळाच्या वेलावर दोन्ही प्रकारची फुलं येतात हे माहीत होतं, पण काकडीच्या वेळी डोक्यातच आलं नाही.

पाकीट स्वयंपाकघरातल्या खणात सापडलं. बारीक अक्षरात 'मादी फुलांचं प्रमाण अधिक असलेला संकर' असं लिहिलंय. बी २० होतं. त्यातलं १७ गुलाबी आणि ३ हिरवं. हिरव्याला जास्त औषध लावलंय असं समजून मी ते बाजूला काढलं. मुलगा मातीत खेळतो, सासूबाई हातमोजे घालत नाहीत, म्हणून भीती वाटली. ती तीन बियं अजून डबीत आहेत.

बांधावरून:

मग उत्तर त्या डबीतच आहे. वाईट वाटून घेऊ नका, पाकिटावर हे ठळक लिहायला हवं होतं.

नेहमीच्या काकडीच्या एकाच वेलावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. आपला पूना खिरा, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी, कोकणातल्या पावसासाठी दापोलीहून आलेली शीतल, ही सगळी तशीच. पण काही संकर मुद्दाम असे केलेले असतात की वेलावर जवळजवळ सगळी मादी फुलंच यावीत. त्यामुळे फळं लवकर आणि जास्त मिळतात. आपल्याकडचं जुनं उदाहरण म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा संयोग'. सर्व-मादी फुलांचा एक जपानी वाण आणि 'ग्रीन लाँग नेपल्स' यांचा तो संकर.

आता सगळ्याच मादी, तर पराग कुठून येणार? म्हणून अशा पाकिटात थोडं बी नर फुलं देणाऱ्या वाणाचं घालतात आणि ओळखू यावं म्हणून त्याला वेगळा रंग देतात. तुमचं हिरवं बी तेच. औषध दोन्हीला सारखंच असतं. बी लावून झालं की हात साबणाने धुवायचे, एवढी काळजी पुरते.

थोडक्यात, तुमची माती, पाणी, खत, काहीही चुकलेलं नाही. त्या ३७ काकड्यांना पराग मिळालेला नाही. टोकाकडून पिवळी पडून, आत कीड नसताना गळणं ही त्याचीच खूण.

गच्चीवालींच्या काकडीबद्दल: तो तिसराच प्रकार आहे. पॉलिहाऊसमध्ये लावतात त्या बिनबियांच्या काकडीला परागाची गरजच नसते, फळ आपोआप धरतं. 'सगळी मादी फुलं' आणि 'परागाशिवाय फळ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वाणात दोन्ही एकत्र आल्यात, अंगणवेल ताईंच्या वाणात पहिलीच आहे.

गच्चीवाली:

हे मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता एक काकडी चिरून पाहिली, बी नावालाही नाही. ताई, मी चुकीचं सांगितलं, माफ करा.

अंगणवेल:

अहो, माफी कसली! दादा, वाचून सासूबाईंना सगळं सांगितलं. आता ते हिरवं बी लावलं तर फुलं यायला महिना-सव्वा महिना जाईल. तोवर या वेलांचं काय? शेजारच्या काकूंकडे चिबूड आहे आणि तवशाचा वेलही आहे. चिबडाला नर फुलं खूप आलीत. ती चालतील का?

बांधावरून:

चिबडाची चालणार नाहीत. पान, फूल सारखं दिसलं तरी चिबूड हे खरबुजाच्या जातीचं. काकडीच्या पेशीत १४ गुणसूत्रं असतात, खरबुजाच्या २४. त्यांचं जमत नाही. दुधी, दोडका, पडवळ, भोपळा यांचाही उपयोग नाही.

पण तवसं! तवसं म्हणजे आकाराने मोठी काकडीच. त्याचा पराग तुमच्या वेलांना उत्तम चालेल. काकूंकडे रोज सात-आठ नर फुलं मागा.

पद्धत अशी. काकडीचं फूल एकच दिवसाचं, आणि त्यातही सकाळचं. साडेसहा ते नऊच्या दरम्यान काम उरका. त्याच सकाळी उमललेलं नर फूल घ्या, पाकळ्या अलगद सोला, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या तीन फुगीर कंगोऱ्यांवर सगळीकडून हलके टेकवा. एकच बाजू लागली तर काकडी वाकडी होते. एका नर फुलात दोन, फार तर तीन मादी फुलं करा. केलेल्या फुलाला दोरा बांधा म्हणजे हिशेब राहतो.

तुमच्याकडची अडचण पावसाची. पराग भिजला की कामातून गेला. त्यासाठी आदल्या संध्याकाळी तवशाच्या वेलावरच्या, टोकाला पिवळसर झालेल्या नर कळ्या देठासकट खुडून आणा आणि घरात वाटीभर पाण्यात देठ बुडवून ठेवा. सकाळी कोरडी उमललेली मिळतील. उद्या उमलणार अशा मादी कळीवर कागदी पिशवी उलटी घाला, पराग लावल्यावर दिवसभर तशीच राहू द्या.

अंगणवेल:

काकूंना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या, पण त्यांचा एक प्रश्न आहे आणि माझा एक.

माझा: तवशाचा पराग लावला तर काकडी तवशासारखी जाड सालीची, मोठी होईल का?

काकूंचा: हे तवशाचं बी त्यांच्या सासूबाईंपासून घरात चालत आलंय. दरवर्षी एक तवसं वेलावरच पिकू देतात, बी राखेत घोळवून ठेवतात. पिकून लाल होतं त्याला आम्ही हात लावत नाही. माझ्या संकरित काकडीमुळे ते बी बिघडेल का, असं त्या विचारत होत्या. मी 'विचारून सांगते' म्हटलं. त्यांचं बी माझ्यामुळे खराब झालं तर मला ते सहन होणार नाही, मग काकड्या नकोतच.

बांधावरून:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं. फळाचा गर आणि साल आईची. पराग कुणाचाही असो, काकडी तुमच्या संकरासारखीच होईल. फरक पडतो तो फक्त आतल्या बियांत.

काकूंचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि त्यांनी विचारला हे फार बरं झालं. घरचं तवशाचं बी आता कमी ठिकाणी उरलंय. त्यांना सांगा, आत्ता काही धोका नाही. तुमच्या सहा वेलांवर नर फूलच नाही, तर मधमाशी तिथून पराग नेणार कुठला?

धोका येईल तो हिरवं बी लावल्यावर. त्याला नर फुलं येतील आणि सातेरी मधमाश्या ती आणि तवशाची फुलं एकाच फेरीत करतील. पण जे तवसं त्यांनी बियाणासाठी वेलावर ठेवलंय, त्यातलं बी फूल उमललं त्याच दिवशी ठरून गेलंय. नंतर आलेल्या परागाने ते बदलत नाही. तेव्हा हिरवं बी लावा, फक्त त्याला फुलं आल्यानंतर धरलेलं तवसं बियाणाला ठेवू नका, खायला वापरा.

तुमच्या काकडीतलं बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरू नका. उगवेल, पण प्रत्येक वेल वेगळा निघेल.

अंगणवेल:

चार दिवसांची खबर देते.

पहिल्या दिवशी पाच फुलं केली. पाऊस कोसळत होता, मुलाने डोक्यावर छत्री धरली आणि मी पराग लावला. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी पाच. दोरे संपले म्हणून सासूबाईंनी जुन्या साडीच्या काठाच्या चिंध्या बांधल्या. १४ पैकी ९ काकड्या धरल्यात असं वाटतंय. टोक हिरवं आहे, देठ खाली वाकलाय आणि पहिल्या दिवशीच्या दोन तर माझ्या मधल्या बोटाहून लांब झाल्यात. न केलेली फुलं मात्र पूर्वीसारखीच पिवळी पडताहेत. दोन्ही शेजारी-शेजारी बघितल्यावर मनातली सगळी शंका गेली.

ओली माती:

मी बोरॉन सांगितलं होतं, ते इथे लागू नव्हतं. ताई, आता फळमाशी सांभाळा. फळ वाढू लागलं की ती येतेच.

अंगणवेल:

आंब्यासाठीचा रक्षक सापळा घरात आहे, तो मांडवात टांगू का?

बांधावरून:

सापळा चालेल, आतलं आमिष बदलावं लागेल. आंब्याच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉल लागतं, काकडीवर येणारी माशी वेगळी, तिचे नर क्यू ल्युअरला येतात. कृषी सेवा केंद्रात 'वेलवर्गीय भाज्यांसाठी' असं सांगूनच मागा. शिवाय तुमच्याकडे काकड्या मोजक्या आहेत, पराग लावून तीन दिवस झाले की फळाला कागदी पिशवी घाला. सगळ्यात खात्रीचा उपाय तोच. डंख बसलेलं फळ सापडलं तर मातीत टाकू नका, पिशवीत बांधून उन्हात ठेवा, आतली अळी मरते.

पाणी रोज सारखं द्या. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं, की कडूपणा वाढतो. काढल्यावर देठाकडची चकती आधी चाखा. खूपच कडू लागली तर ती काकडी मुलाला देऊ नका.

अंगणवेल:

आज पहिल्या तीन काढल्या. पराग लावल्यापासून दहावा दिवस. देठाकडची चकती मी आधी खाल्ली, जराही कडू नाही. एक काकूंकडे दिली, एक मुलाच्या डब्यात गेली, तिसरीची दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली.

काकूंनी बियाणाचं तवसं मला दाखवलं, पिवळं पडत आलंय, त्यांनी त्याच्या देठालाही चिंधी बांधून ठेवलीय. हिरवी तीन बियं काल ग्रो बॅगांत टोचली. उगवली की इथेच लिहीन.