मस्तक भाऊ, मग सातबाऱ्यावरून बहीण का गळते?

नंदाखालची_वाचक

ख्रिस्तसभेत स्त्री-पुरुष समानतेचा विषय निघाला की चर्चा लगेच 'बायका धर्मगुरू का होत नाहीत' इथे अडकते. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला स्पष्ट नकार दिलाय, आणि वसईतल्या कुठल्याही पॅरिश कौन्सिलच्या (चर्चच्या स्थानिक समितीच्या) ठरावाने तो बदलणार नाही. आपल्या हातात आहे त्यावर बोलू या. वडिलांची वाडी, म्हणजे बागायती जमीन, आणि तिच्यातला बहिणीचा हिस्सा.

आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलांना सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. आई, दोन भाऊ, एक बहीण असेल तर आईला ३/९, तिघांना २/९ प्रत्येकी. प्रत्यक्षात वडील गेल्यावर महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, होते, जेवणं होतात, बहीण अजून ताटं उचलत असते आणि भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे सरकवतो. ओला हात पदराला पुसून ती बघते, 'कुठे करू सही?' विचारते. किती हिस्सा सोडतेय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग निबंधकाकडे नोंदणी, तलाठ्याकडे फेरफार, आणि नाव गेलं.

आधार कसला, तर बायबलमधलं इफिसकरांस पत्र, अध्याय ५: 'पती पत्नीचे मस्तक'. त्याच्या दोनच ओळी आधी 'एकमेकांच्या अधीन असा' लिहिलंय, आणि पुढे पतीने ख्रिस्तासारखं स्वतःला द्यावं असं. तिथे भावाचं तर नावही नाही! मर्दपणाची ख्रिस्ती कसोटी देण्याची आहे, घेण्याची नाही. म्हणून दोन मागण्या करते. लग्नाआधीच्या शिबिरात वारसा कायद्याचा एक तास ठेवा. आणि बहिणीला अंधारात ठेवून सही घेणाऱ्याला पॅरिश कौन्सिलवर घेऊ नका.

गासचा_बागायतदार

ताई, उद्या कम्युनियनला येताना सातबारा आणायचा का? माझी वाडी बारा गुंठे. चार वाटे केले तर तीन-तीन गुंठे. तेवढ्यात पानवेल होत नाही, बिल्डर मात्र होतो. बहिणींची लग्नं मी केली, सोनं मी घातलं, आईला शेवटची वर्षं अंथरुणात मी आणि माझ्या बायकोने बघितलं. मस्तक म्हणजे जबाबदारी, ती उचलली. पवित्र शास्त्रच काढलंय तर त्यातल्या गणना या पुस्तकाचा अध्याय २७ वाचा. सलाफहादाच्या मुलींना वतन मिळालं कारण त्यांना भाऊ नव्हता. शिवाय अध्याय ३६ मध्ये वंशाबाहेर लग्न करायचं नाही ही अट आहे, कारण जमीन बाहेर जाऊ नये.

नंदाखालची_वाचक

दादा, मोशेच्या नियमाने वाटायचं तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अध्याय २१ प्रमाणे थोरल्याला दुप्पट द्यावं लागेल. ते आपल्यात कुणी करत नाही, मग बहिणीपुरताच तो नियम का? आईचं केलंत त्याचं मोल आहेच. ते बहिणींसमोर मांडा, त्या समजून सोडतील तर माझं काही म्हणणं नाही. आणि आईला बघणाऱ्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर आहे का? पानं खुडायला, शिंपायला तीच असते.

अलिबागकर

मी प्रोटेस्टंट. ताई, धर्मगुरुपदाचा प्रश्न तुम्ही फार स्वस्तात सोडलात. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली ई. पुष्पा ललिता बिशप झाल्या. तुमच्याकडे, कॅथलिक चर्चमध्ये, स्त्रियांना वाचक आणि वेदीसेवक म्हणून रीतसर नेमण्याची वाट २०२१ मध्ये उघडली. 'मस्तक'चा अर्थ शतकानुशतकं फक्त पुरुषांनी व्यासपीठावरून सांगितला, म्हणूनच भावाला तो वाडीपर्यंत ओढता आला. मुळाला हात न लावता शिबिरातल्या एका तासाने काय होणार?

कोळीवाड्यातली_काकी

मी सही केलीय आणि समजून केलीय. मला कुणी फसवलं नाही. हिस्सा कोर्ट देईल, पण नाताळात 'ये गं' म्हणायला कोर्ट येणार आहे का? नवरा गेला तेव्हा भाऊच दारात उभा होता. तुम्ही शिकलेल्या पोरी प्रत्येक सहीत जुलूम बघता. बोट नवऱ्याच्या नावावर होती, पण मासळीचा पैसा कायम माझ्या हातात. फादरांनी असल्यात पडूच नये, घरंच्या घरं मिस्सा सोडतील.

भुईगावचा_धाकटा

काकी, तुमचा भाऊ चांगला निघाला. सगळ्यांचा निघत नाही, आणि बहिणीला ते सहीनंतर कळतं. मी बहिणीचं नाव ठेवलं तर मित्र म्हणाले, बायकोच्या मुठीत गेलास. हे ऐकायला लागू नये म्हणून कित्येक जण देण्याची इच्छा असून देत नाहीत, हे पुरुषांनी तरी मान्य करा. येशूचा पालकपिता संत जोसेफ, त्याचा सण आपण थाटात करतो. शुभवर्तमानात तो एक शब्दही बोलत नाही, बायको-मुलाला घेऊन रातोरात मिसरला (इजिप्तला) निघतो. त्यावर प्रवचन ऐकायचंय मला. बाकी २००५ पासून मुलीला जन्मापासून हक्क आहेच ना?

वेंगुर्लेकर

ताई, तुमचा म्हणणा बरोबर आसा, पण कायद्यात भोक मोठं आहे. धाकट्या, २००५ ची दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यातली, आपल्याला ती लागत नाही. आपल्यात जन्मसिद्ध हक्क नाही, बाप मृत्युपत्राने सगळी जमीन मुलग्यांना देऊ शकतो. तेरेखोल खाडीच्या पलीकडे गोव्यात मुलं असतील तर अर्ध्या मालमत्तेबाहेर बापाचं मृत्युपत्र चालत नाही, मग धर्म कुठलाही असो. खाडीच्या दोन बाजूंना दोन भावांची घरं असली तर त्यांच्या मुलींचे हक्क वेगळे! केरळात मेरी रॉय सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा १९८६ मध्ये १९२५ चा कायदा तिथल्या सीरियन ख्रिस्ती मुलींना मिळाला. त्याआधी जुन्या त्रावणकोर भागात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, जे कमी असेल ते. म्हणून शिबिरात बसवायचं तर आधी बापांना बसवा.

गासचा_बागायतदार

बापांना बसवा, मीही येईन. बहिणींना हिशेब दाखवायला मला भीती नाही. कौन्सिलची अट मात्र मानणार नाही. देवळाने घराच्या कागदात नाक घातलं की उद्या प्रत्येक भांडण फादरांच्या ऑफिसात.

नंदाखालची_वाचक

भांडण आजही आहे, फक्त ते बहिणीच्या पोटात राहतं. अट मी मागे घेत नाही. काकी, तुमच्यासारखी समजून केलेली सही त्या अटीत येतच नाही. अलिबागकर, व्यासपीठाचं पटतंय, पण पोपचा निर्णय बदलेपर्यंत वाडी विकली जाईल. तासाचा अर्ज मी पॅरिश कौन्सिलला देतेय. दादा, सही कराल?