शब्दचर्चा: बाणाचा वेग, चाल की जोर?

प्रश्न (खानापूरहून, भाषांतर करणारी)

मंडळी, एका मासिकासाठी धनुर्विद्येवरचा लेख मराठीत करते आहे. मूळ लेखक अमेरिकेतला. तिकडं परवाना काढून धनुष्यबाणानं हरणाची शिकार करता येते. लेखाचा विषय असा की साध्या लाकडी धनुष्यानं शिकार करताना बाण किती जलद जातो याला कितपत महत्त्व द्यायचं. कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास जातो, लाकडी धनुष्याचा साधारण १६० ते १९० फूट. लेखकाचं म्हणणं, या आकड्यांच्या मागं लागू नका. बाण जड ठेवा, पातं धारदार ठेवा आणि जनावराच्या जवळ जा.

विषय समजला. अडले ते शब्दांपाशी. पहिल्या खर्ड्यात सगळीकडं ‘वेग’ लिहिलं आणि वाचून बघितलं तर लेखकाचा मुद्दाच नाहीसा झालेला. तो तीन वेगळ्या गोष्टी बोलतोय: बाण किती झटकन जातो, लागल्यावर किती आत जातो आणि किती लांबून मारता येतो. मराठीत यांना कोणते शब्द? शिवाय धनुष्याच्या दोरीचा आवाज ऐकून हरिण दचकतं आणि बाण पोचायच्या आत खाली बसतं, त्याला त्यांच्यात एक खास शब्दप्रयोग आहे. आपल्यात काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर, निपाणी

ताई, शाळेच्या पुस्तकातलं आधी सांगतो. विज्ञानात ‘चाल’ आणि ‘वेग’ वेगळे. चालीला दिशा नसते, वेगाला असते. म्हणजे तुमच्या लेखकाचे फूट-सेकंदाचे आकडे काटेकोर बोलायचं तर चालीचे. पण ‘बाणाची चाल’ लिहाल तर वाचकाला बैलाची चाल आठवेल, नाहीतर बुद्धिबळातली. तेव्हा तिथं ‘वेग’च ठेवा. शास्त्र थोडं बाजूला राहिलं तरी चालेल.

आपल्याकडची, म्हणजे या कर्नाटकाच्या सीमाभागातली, एक गंमत. कन्नड माध्यमातली मुलं चालीला ‘जव’ म्हणतात आणि वेगाला ‘वेग’च. एकाच गल्लीतली दोन पोरं एकाच गणिताला बसली की एक चाल काढतो, दुसरा जव. हा जव आपल्याला परका नाही. रामरक्षा म्हणणाऱ्या घरात ‘मनोजवं मारुततुल्यवेगं’ रोज संध्याकाळी ऐकू येतं. जव आणि वेग एकाच ओळीत शेजारी बसलेत आणि आपण दोघांना ओळख न देता पुढं जातो.

आता ‘आत जाण्या’चं. इथं खरं काम ‘संवेगा’चं, म्हणजे वजन गुणिले वेग. समजा एकाच धनुष्यानं दोन बाण सोडले. २६ ग्रॅमचा हलका बाण सेकंदाला ५५ मीटर गेला आणि ३९ ग्रॅमचा जड बाण ४७ मीटर. हलका जलद, यात वाद नाही. पण संवेग काढा: हलक्याचा १.४३, जडाचा १.८३. गतिज ऊर्जासुद्धा जडाचीच थोडी जास्त भरते, ३९ च्या जागी ४३ ज्यूल. कारण दोरी सुटताना धनुष्याचे हातसुद्धा (वाकलेल्या दोन्ही बाजू) पुढं झेपावतात, त्यांना पळवण्यात काही ताकद खर्च होते. बाण जड असला की धनुष्यातली ताकद त्याच्या वाट्याला जास्त येते, हलका असला की धनुष्य आपल्याच अंगात ती मुरवतं आणि धरणाऱ्याच्या हाताला झणका बसतो.

लेखात मात्र ‘संवेग’ लिहू नका. शिकारी असं बोलत नाही.

जांबोटीवाला

मास्तर, शिकारी ‘जोर’ म्हणतोय. नाहीतर ‘मार’. ‘त्या कमठ्याला मार हाय.’ आमच्यात हेच ऐकत आलोय.

आज्जाच्या येळची गोष्ट सांगतो. १९७२ चा कायदा यायच्या आधीची हाय, आता कुणी रानात तिरकमठा घेऊन गेला तर सरळ आत. आणि आमच्या बाजूला भीमगड अभयारण्य २०११ ला झालं, तवापासून तर बोलूच नका. तर आज्जा म्हणायचा, “बाण पळाला काय आणि चालला काय, रुतला पायजे.” एवढं एकच वाक्य. वेगाचं त्याच्या तोंडात कधी आलं न्हाई. त्याच्या तोंडात दोन शब्द असायचे, ‘टप्पा’ आणि ‘वर्म’. जनावर टप्प्यात आलं का? आलं तर वर्मी लागंल का? न्हाई तर बसून ऱ्हायचं, डास चावले तरी.

ताई, तुमचा तिसरा शब्द म्हणजे हा टप्पा. पल्ला न्हवं. पल्ला म्हणजे बाण जास्तीत जास्त कुठवर जाईल ते. टप्पा म्हणजे तुमच्या हातानं नेम धरून मारता येईल ते. पल्ला धनुष्याचा, टप्पा माणसाचा. कणकुंबीच्या रानात पावसाळ्यानंतर इस पावलांच्या पुढं दिसतंय काय ओ? तिथं तीनशे फुटाचा वेग घेऊन करायचं काय.

आणि हरणाचं म्हणाल तर शब्द तयार हाय. जनावर बुजतं. बैल बुजतो, रेडकू बुजतं, तसं हरिण दोरीला बुजतं.

शहापूरची लेक

‘दोरीला बुजणे’! ताई, हेच घ्या. दुसरं काही शोधू नका.

मला त्यात एक भर घालायची आहे. हरिण बुजल्यावर खाली बसत नाही, दबकतं. उडी मारण्यासाठी आधी पाय मोडून अंग खाली घेतं. तेवढ्यात बाण पाठीवरून निघून जातो. ‘खाली बसतं’ लिहिलं तर हरिण आरामात रवंथ करत बसल्यासारखं वाटतं.

जांबोटीवाला

बरोबर. दबकतं.

निवृत्त मास्तर, निपाणी

शब्द मिळाला, आता त्याचा हिशोब बघा. तुमच्या लेखकाचा मुद्दा त्यातच आहे. हरिण २० मीटरवर धरा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दोरीचा टणत्कार ०.०६ सेकंदात त्याच्या कानावर. लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला ५० मीटर धरला तर पोचायला ०.४ सेकंद. मधे हरणाच्या हातात, म्हणजे पायात, एक तृतीयांश सेकंद उरतो. बुजायला आणि दबकायला तेवढा पुरतो. आता कंपाउंड धनुष्य घ्या, ९० मीटर. बाण ०.२२ सेकंदात पोचतो. हरणाला उरणारा वेळ निम्म्याहून कमी झाला खरा, पण आवाज तरीही पुढंच. कोणत्याही धनुष्याचा बाण आवाजाला गाठत नाही. म्हणून जुने लोक वेग वाढवण्याऐवजी दोरीचा आवाज मारतात, दोरीला लोकर नाहीतर केसाळ कातडं बांधून.

यावरून आठवलं, ताई, तुमच्या खर्ड्यात ‘बाण सणसणत गेला’ असं कुठं असेल तर काढून टाका. सणसणत म्हटलं की आपल्याला वेग दिसतो, पण तो शब्द मुळात आवाजाचा. शिकाऱ्याचा बाण सणसणला तर त्या दिवशी घरी भाजीच.

खानापूरहून, भाषांतर करणारी

दोन ठिकाणी होतं. काढलं.

येळ्ळूरकर

माझं थोडं वेगळं मत. वेगाचं महत्त्व तुम्ही सगळे फार लवकर खाली आणताय. अंतराचा अंदाज चुकतो तेव्हा वेगच वाचवतो. मी शिकार केलेली नाही, मैदानात लक्ष्यावर मारतो, पण पडणारा बाण रोज बघतो. ५० मीटर वेगाचा बाण २० मीटर जाईपर्यंत सरळ रेषेच्या पाऊण मीटर खाली येतो. ३० मीटरला पावणेदोन मीटर. म्हणजे २० मीटर धरून नेम लावला आणि लक्ष्य ३० वर निघालं की बाण अर्ध्या मीटरहून जास्त खाली. जलद बाणाला ही चूक बरीच कमी भोवते. तेव्हा भाषांतरात ‘वेगाला महत्त्व नाही’ असं सरसकट वाक्य येऊ देऊ नका. ‘टप्प्यात असलात तर कमी वेग नडत नाही’ असं काहीतरी पाहिजे.

जांबोटीवाला

हे पटलं. म्हणून तर टप्पा.

शहापूरची लेक

मी जरा शब्दांच्या बाजूनं बोलते. हे सगळं वाचताना एक जाणवलं. मराठीनं ‘तीर’ आणि ‘बाण’ यांना कामं वाटून दिलेली आहेत.

तीर फारसीतून आला. तिरंदाज, तिरकमठा, तिरकमान त्याच्याबरोबरचे. आपल्या बोलण्यात तीर नेहमी जातो. ‘पोरगं तिरासारखं पळालं’, ‘गाडी तिरासारखी गेली.’ वेग आणि सरळ रेषा. तो कुठं लागला याची कुणी चौकशी करत नाही. उलट लागण्याची गोष्ट निघाली की तिरावर लगेच शंका येते: ‘काय मोठा तीर मारलास?’, ‘अंधारात तीर मारला.’ ‘तुक्का’ तर बिनटोकाचा तीरच. जाईल, पण रुतणार नाही.

बाण संस्कृतातून आला आणि तो लागतो. रामबाण औषध म्हणजे हमखास लागू पडणारं. ते लवकर लागू पडतं असं कुणी म्हणत नाही. वाग्बाण, शब्दबाण, सगळे जखम करणारे. ‘बाणासारखा पळाला’ असं आपल्या घरी कुणी म्हणतं का? मी तरी ऐकलेलं नाही.

तेव्हा ताई, माझी सूचना अशी. लेखक जिथं वेगाच्या हौशी लोकांची टिंगल करतो तिथं ‘तीर’ वापरा आणि जिथं स्वतःच्या जड, रुतणाऱ्या बाणाबद्दल बोलतो तिथं ‘बाण’. वाचकाला कळणारही नाही की तुम्ही काही केलंय, पण मुद्दा पोचेल.

अजून एक, विषयाला थोडं सोडून. ‘कमान’ हा फारसीत धनुष्याचा शब्द. आपण तो दारावर बसवला, वेशीवर बसवला आणि घड्याळातसुद्धा घातला. घड्याळाची कमान म्हणजे ताण साठवून हळूहळू सोडणारी पट्टी. धनुष्य दुसरं काय करतं? फक्त ते हळूहळू सोडत नाही. आणि मास्तर, तुमच्या भूमितीतली ‘जीवा’ म्हणजेही धनुष्याची दोरीच ना? वर्तुळाचा कंस म्हणजे वाकलेलं लाकूड, जीवा म्हणजे दोरी.

निवृत्त मास्तर, निपाणी

हो. आणि कन्नड पुस्तकात तिला ‘ज्या’ म्हणतात, तोही दोरीचाच शब्द. तीस वर्षं फळ्यावर जीवा काढली, पण तिच्यावर बाण कधी लावला नाही. आता निवृत्तीनंतर कळतंय की बाण लावला असता तर मागच्या बाकावरची पोरं जागी राहिली असती.

येळ्ळूरकर

कन्नडवरून विचारतो. आमच्याकडं शेजारी धनुष्याला ‘बिल्लु’ म्हणतात, बाणाला ‘बाण’ किंवा ‘अंबु’. भिल्ल हा शब्द या बिल्लुशी जोडतात ते खरं का?

शहापूरची लेक

तसं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. तमिळमध्ये धनुष्याला ‘विल्’, आणि तिथला ‘व’ कन्नडमध्ये सुरुवातीला ‘ब’ होतो, म्हणून बिल्लु. दगडात बघायचं असेल तर आपल्या भागातले वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघा, धनुष्य घेतलेले वीर सापडतील. वीरगळ हा शब्दही सीमेवरचाच म्हणायचा: वीर आपला, ‘कल्लु’ म्हणजे दगड कन्नड, दोन्ही जोडून ‘वीरगल्लु’, आणि आपण त्याचा केला वीरगळ. दगडाचा गळ कसा झाला हे मुलं विचारतात तेव्हा एवढं सांगितलं की पुरतं.

खानापूरहून, भाषांतर करणारी

एक राहिलं. लेखक म्हणतो, बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. पात्यानं कापतो, रक्त जातं आणि जनावर पडतं. मी ‘भेदणे’ लिहिलं होतं.

जांबोटीवाला

भेदणं पोथीत ठेवा. अर्जुनानं डोळा भेदला, ठीक. इथं ‘आरपार जाणे’ म्हणा. आणि पात्याची धार गेलेली असली तर ‘बोथट’. बोथट पात्याचा बाण कितीबी जोरात मारा, जनावर जखमी होऊन झाडीत घुसतंय आणि चार दिवस मरत ऱ्हातंय. आज्जा याला पाप म्हणायचा. बाकी कशाला तो पाप म्हणत नसे, दारूलासुद्धा नाही.

येळ्ळूरकर

धनुष्य ओढायला लागणाऱ्या ताकदीला काय लिहिलंय? पौंडात मोजतात ते.

खानापूरहून, भाषांतर करणारी

‘ओढ’. ‘पन्नास पौंडाची ओढ असलेलं धनुष्य.’ भीत भीत लिहिलंय, कारण ओढ म्हटलं की माहेरची आठवते.

येळ्ळूरकर

राहू द्या. आम्ही मैदानावर तेच म्हणतो.

खानापूरहून, भाषांतर करणारी

मग सुरुवातीचा परिच्छेद आता असा झालाय, बघा:

“तीर किती पळतो हे मोजायचं यंत्र बाजारात मिळतं आणि ते घेतलेल्या माणसाला दुसरं काही दिसेनासं होतं. साध्या धनुष्याला वेग कमीच असतो. पण बाणाला भार असेल आणि पात्याला धार असेल तर त्याचा जोर टिकतो आणि तो आरपार जातो. हरिण दोरीला बुजतं, दबकतं, आणि बाण पाठीवरून जातो. जलद बाणानं ही अडचण कमी होते, संपत नाही. ती संपवायची तर आवाज कमी करा, आणि टप्प्यात आल्याशिवाय सोडू नका.”

जांबोटीवाला

‘सोडू नका’ च्या जागी ‘हात सोडू नका’ करा. बाण आपण सोडतच न्हाई ओ, हात सोडतो. बाण सुटतो.

खानापूरहून, भाषांतर करणारी

केलं.