डोंगर आणि माळ, एकाच दिवसात (अनुभव धागा)

थंडी सुरू झाली की पक्षीवेड्यांच्या गाड्या पहाटेच शहराबाहेर पडतात आणि बहुतेक सगळ्या जंगलाकडे वळतात. माळाला कोणी विचारत नाही. म्हणून या धाग्यावर अट एकच: ज्या दिवशी तुम्ही डोंगरही पाहिलात आणि उघडं रानही, त्या दिवसाबद्दल लिहा. नुसती नावांची यादी नको. फोटो नसेल तरी काही बिघडत नाही.

सुरुवात मीच करतो. डिसेंबरात सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीच्या ओढ्यावर उजाडताना पोचलो. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर दिसला. त्याच्या शेपटीच्या फितीबद्दल सगळेच लिहितात, मला आवडते ती त्याची अंघोळ. फांदीवरून सूर मारतो, पाण्याला नुसता टेकतो आणि परत त्याच फांदीवर येऊन पिसं झटकतो. निलांगही होता. नऊ वाजता ट्रेकवाल्यांची गर्दी सुरू झाली, तसे निघालो ते थेट इंदापूरजवळच्या कडबनवाडीला. तिथे वनखात्याची गवताळ सफारी आहे, सोबत गावातलाच वाटाड्या मिळतो. आमच्या वाटाड्याने दुर्बीण न लावता धाविक दाखवला. मातीच्याच रंगाचा पक्षी. तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. थांबला की दिसेनासा होतो. पाठमोरा झाला की मात्र भुवईची पांढरी आणि डोळ्यातून गेलेली काळी रेघ मानेमागे जुळलेली दिसते. संध्याकाळी भोवत्या आले, गवताला जवळपास पोट घासत. थेट कझाकस्तानकडून येणारे हे शिकारी पक्षी इथे हिवाळाभर नाकतोड्यांवर ताव मारतात. ज्या जमिनीची कागदोपत्री नोंद ‘पडीक’ अशी, तिथे हा सगळा संसार!

—

पुण्याहून, निवृत्त शिक्षिका:
ओढ्याचं वर्णन वाचून बरं वाटलं, पण हल्ली तिथे शांतपणे उभं राहायला मिळतं कुठे? मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. बिचारा आपल्या हद्दीत कोणी घुसलंय असं समजून खाणंपिणं सोडून धावत येतो. मी टोकलं तर एक तरुण म्हणाला, “काकू, दोनच मिनिटं.” त्याच्यामागे रांगेत अजून कितीजण होते ते मोजा म्हणावं. माळावर ही कटकट कमी आहे, कारण तिथे कोणाला यायचंच नसतं. माझ्यापुरतं हे सोयीचंच आहे म्हणा.

—

शहाद्याहून:
आमच्याकडे डोंगर म्हणजे सातपुडा. तोरणमाळच्या वाटेवर सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर भर उन्हात रानपिंगळा बसलेला पाहिला. घुबड असून दिवसा वावरतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. मधूनच शेपटी झटकतो, बाकी ढिम्म. हा पक्षी 1884 नंतर कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता. नामशेष झाला असंच धरून चालले होते लोक. 1997 च्या नोव्हेंबरात तो पुन्हा दिसला तो आमच्या शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. पुढे मेळघाटात आणि तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे! खाली उतरल्यावर शेतात नांगरट चालू होती. ट्रॅक्टरमागे गायबगळे आणि काळे शराटी. डोक्यावर लाल मखमल असलेला शराटी इतका जवळून प्रथमच पाहिला, तोही कापसाच्या वखराला टेकून चहा पिताना.

—

डेन्व्हरहून:
नियमात बसतंय का पाहा. जुलैमध्ये रॉकी माउंटन नॅशनल पार्कात ट्रेल रिज रोडने गेलो. हा रस्ता 12,183 फुटांवर जातो, झाडं कधीच मागे पडलेली असतात. वर दगडांत टार्मिगन नावाचा तितराएवढा पक्षी असतो. हिवाळ्यात पांढराशुभ्र, उन्हाळ्यात दगडासारखा करडा-तपकिरी. मुलगा “आई, तो दगड हलला” म्हणाला तेव्हा कुठे मला कळलं. मादी होती, मागे पिलं. दुपारी खाली पॉनी नावाच्या गवताळ प्रदेशात गेलो. वाटेत अख्खा दिवस गाडीतच गेला म्हणून नवरा वैतागलेला. तिथे लार्क बंटिंगचा काळाकुळकुळीत नर हवेत चढतो आणि पांढरे पट्टे असलेले पंख पसरून गात गात खाली येतो. आपला चंडोलच आठवला. हाच कोलोरॅडोचा राज्यपक्षी, 1931 पासून. महाराष्ट्राच्या राज्यपक्ष्याबद्दल, आपल्या हरियलाबद्दल, काही म्हणणं नाही, पण गवतातल्या पक्ष्याला हा मान द्यावा हे मला फार आवडलं.

—

सोलापूरहून, शेती करतो:
डोंगर आमच्याकडे नाही, माळच लिहितो, चालवून घ्या. नान्नजचं अभयारण्य 1979 चं. वडिलांच्या लहानपणी माळढोक बांधावरून चालत जायचे, आता दिसला तर बातमी होते. मला रोज भेटते ती टिटवी. खड्यांमध्ये चार अंडी, टोकं आत वळवलेली, रंग असा की पाय पडेपर्यंत कळत नाही. वैशाखात ती पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गारवा मिळावा म्हणून. उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी, असं जुनी माणसं सांगतात. गेल्या वर्षी माझ्या रानात तिने दोन्ही ठिकाणी घातली! पेरणीवेळी आम्ही तेवढा तुकडा सोडतो.

—

धागाकर्ता:
डोंगर नसला तरी चालतंय, दादा. नान्नजला यायचं तर कोणता महिना बरा?

—

सोलापूरहून:
पावसाळा सरताना या, तेव्हा गवत उभं असतं. गाडी रस्त्यावरच ठेवा, माळात घालू नका. आणि कुत्रं आणू नका. मागे एका पाहुण्याने आणलं होतं.