दोन रात्रींसाठी मध्यवस्तीत खोली घेणं म्हणजे उधळपट्टी?

भटकभवानी
शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं. एवढ्याशा शहरवारीसाठी खोली शोधायला बसलं की दर वेळी तोच वाद. एक म्हणतो मध्यवस्तीत घे, फिरायला बरं पडतं. दुसरा म्हणतो नुसतं पाठ टेकायला एवढे पैसे? मी दुसऱ्या गटातली. मत जरा ताणूनच मांडते, म्हणजे भांडायला मजा येईल.

बुकिंगच्या साइटवर 'शहराचा मध्य' म्हणून जो असतो तो नकाशात कुणीतरी ठोकलेला खिळा. तुम्हाला जायचंय ते संग्रहालय, मैफलीचं सभागृह, मैत्रिणीचं घर त्या खिळ्याभोवती असेलच असं नाही. मी आधी जायच्या जागा नकाशावर टाकते. बहुतेक जागा कुठल्या एका लाइनवर पडतात ते बघते आणि त्याच लाइनवर पाच-सहा स्टेशनं बाहेर सरकून खोली शोधते. अट एकच, गाडी बदलायला लागता कामा नये. थेट गाडीत २५ मिनिटं बसून जातात. १५ मिनिटांच्या प्रवासात एकदा जरी बदलायची असली तरी जिने चढा, फलाट शोधा, आणि पुढची गाडी हमखास नुकतीच सुटलेली.

'स्टेशनपासून चालत पाच मिनिटं' यावर मात्र विसंबू नका. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींना निदान नियम तरी आहे: ८० मीटरला एक मिनिट धरायचं. सिग्नलला थांबाल तो वेळ त्यातही धरत नाहीत. हॉटेलवाले ६०० मीटर लिहितात ते पुष्कळदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. एकदा माझ्या खिडकीतून समोरचा फलाट दिसायचा, बाकावरच्या माणसाच्या हातातला पेपरसुद्धा दिसायचा. तिथे पोचायला लागायची १८ मिनिटं, कारण मधे रूळ आणि पूल पार दुसऱ्या टोकाला.

उंटावरचा शहाणा
साफ असहमत. हिशेब मांडूया. दारापासून दारापर्यंत, चालणं आणि वाट बघणं धरून, एका खेपेला ३५ मिनिटं. शुक्रवारी रात्री जाऊन येऊन दोन खेपा, शनिवारी दुपारी टेकायला आलात तर चार, रविवारी एक. सात खेपा, म्हणजे चार तासांहून जास्त. झोप वजा केली तर तुमच्या हातात तास उरतात किती? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

शिवाय तुम्ही दुपारी येणारच नाही, लांब पडतं म्हणून. मग सकाळची छत्री, स्वेटर, हौसेनं घेतलेलं जाडजूड पुस्तक रात्रीपर्यंत पाठीवर. आणि शेवटच्या गाडीचं काय? टोकियोसारख्या शहरात मध्यरात्रीच्या सुमाराला गाड्या बंद होतात, त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. मंडळी गप्पांत रंगलेली आणि तुमचा एक डोळा घड्याळावर.

भटकभवानी
शहाणेबुवा, टोकियो सोयीचं पडलं म्हणून उचललंत. लंडनमध्ये २०१६ पासून काही लाइनींवर शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर गाड्या आहेत. बर्लिनचा यू-बान, म्हणजे तिथली मेट्रो, याच दोन रात्री चालू असतो, कोपनहेगनची मेट्रो तर रोजच चोवीस तास. आपण जातो त्याच दोन रात्री, लक्षात घ्या.

पाठीवरच्या पुस्तकाचा टोला मात्र लागला.

रूळतज्ज्ञ
दोघंही रोजचं वेळापत्रक डोक्यात धरून भांडताय. रूळ दुरुस्त करायचे, सिग्नल बदलायचे, की रेल्वेवाले शनिवार-रविवारच पकडतात, कारण तेव्हा नोकरदारांची गर्दी नसते. न्यूयॉर्कचा सबवे चोवीस तास चालतो हे खरं, पण शनिवार-रविवारी अमुक गाडी तमुक रुळावरून वळवलेली, हेही तिथलं नेहमीचंच. मी स्वतः तोंडावर आपटलोय. स्टेशनला लागून खोली मिळाली म्हणून खुशीत होतो. शनिवारी सकाळी जाळीचं दार बंद, वर कागद चिकटवलेला: आज बदली बस. ती बस गल्लीबोळांतून हिंडत ५० मिनिटांनी पोचली.

म्हणून एकाच लाइनच्या भरवशावर राहू नये. दोन लाइनी मिळतात ते स्टेशन बघा, नाहीतर एक लाइन आणि रात्रीची बस. आणि गाडी किती मिनिटांनी येते ते रविवारच्या वेळापत्रकात बघा. १५ मिनिटांनी एक असेल तर वेळ न बघता गेलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं उभं राहावं लागतं.

खोलीच्या भाड्यात तिकिटाचा खर्चही धरा. लंडनमध्ये दिवसभराच्या तिकिटाची कमाल मर्यादा झोनवर ठरते, जितकं बाहेर तितकी जास्त. पॅरिसचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवारच चालतो. चालू आठवड्याचा गुरुवारपर्यंतच मिळतो, शुक्रवारी काढायला गेलात तर पुढच्या सोमवारपासूनचा.

काटकसरे
भागाचं नाव कुणीच घेत नाहीये. ऑफिसांचा भाग बघा! तिथली हॉटेलं सोमवार ते गुरुवार कंपन्यांच्या माणसांनी भरलेली असतात. शुक्रवारी ती माणसं घरी गेली की खोल्या रिकाम्या, दर खाली. आणि ऑफिसं असतात तिथे लाइनीही दोन-तीन असतातच. शनिवारी रस्त्यावर कुत्रं नसतं, हे कबूल.

फ्लॅट भाड्यानं घेणाऱ्यांना एक सांगतो. साफसफाईचा आकार एकदाच लागतो, रात्री कितीही राहा. रात्रीचं भाडं १०० आणि सफाई ६० धरा. आठवडाभर राहिलात तर रात्रीमागे नऊही पडत नाहीत, दोन रात्रींत ३० पडतात. पहिल्या पानावरचा आकडा बघून हुरळून जाणारे इथेच फसतात. न्यूयॉर्कमध्ये तर २०२३ पासून ३० दिवसांच्या आतल्या मुक्कामाला घरमालक स्वतः त्याच घरात राहत असावा लागतो, त्यामुळे सबंध फ्लॅटचा प्रश्नच मिटला.

निशाचर
खोली हवीच कशाला? हॉस्टेलात खाट घ्या, तीही मध्यवस्तीत. नाहीतर कॅप्सूल हॉटेल, म्हणजे खोलीऐवजी एका माणसापुरता झोपायचा खण. पहिलं १९७९ मध्ये ओसाकात निघालं आणि शेवटची गाडी चुकलेला नोकरदार हे त्याचं हक्काचं गिऱ्हाईक झालं. शहाणेबुवांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला की!

उंटावरचा शहाणा
घोरणाऱ्या सहा अनोळखी माणसांत? तुमचं वय कळलं. ऑफिसांच्या भागाची युक्ती मात्र पटली, टिपून ठेवतो.

चिंगीची आई
तुम्ही सगळे सडेफटिंग दिसता. मी सासूबाईंना घेऊन जाते, त्यांचे गुडघे बदललेले आहेत. भवानीताई, तुमचं ते थेट लाइनवरचं स्टेशन मी घेतलं असतं आणि पहिल्या संध्याकाळीच रडले असते. सरकता जिना फक्त वर जाणारा, उतरायला ५२ पायऱ्या. लिफ्ट आहे म्हणून लिहिलं होतं, पण ती रस्त्याच्या पलीकडच्या दारापाशी आणि मधे चार पदरी रस्ता. हे माझ्या बाबतीत खरंच घडलंय, म्हणून पायऱ्या पाठ आहेत. तेव्हापासून मी दारासमोरची बस बघते. हळू जाते, पण चढउतार नाही आणि सासूबाईंना खिडकीतून शहरही दिसतं.

आणि रविवारचं कुणी बोललंच नाही. खोली अकराला सोडायची, परतीची गाडी संध्याकाळची. बॅगा हॉटेलात ठेवल्या तर त्या आणायला पाच-सहा स्टेशनं उलट जायचं आणि परत यायचं. त्यापेक्षा जिथून निघायचंय त्या स्टेशनाजवळ राहिलेलं काय वाईट?

भटकभवानी
रविवारचा मुद्दा बिनतोड. मी बॅग लॉकरमध्ये टाकते, पण गेल्या खेपेला सगळे मोठे लॉकर भरलेले होते आणि मी संग्रहालयात चाकांची बॅग ओढत हिंडले, हे आतापर्यंत सोयीस्करपणे विसरले होते.

धागा काढला तेव्हा पुढच्या महिन्याची खोली जवळजवळ नक्की केली होती, सहा स्टेशनं बाहेर. काल रात्री रद्द केली. आता ऑफिसांच्या भागात बघितलीय. दोन लाइनी मिळतात, परतीचं स्टेशन दोन थांब्यांवर, शनिवारची शेवटची गाडी १२:४० ची. रविवारच्या दुरुस्तीची सूचनाही बघून झाली, त्या दिवशी काही नाही. मध्यवस्ती म्हणायची की नाही ते शहाणेबुवांनी ठरवावं. लिफ्टचं तेवढं विचारायचं राहिलंय, कारण आई येते म्हणालीय. फोन लावलाय, कुणी उचलत नाही.