मदत हवी आहे: आकाशातल्या दिव्यांबद्दल गावकऱ्यांचे जबाब कसे घ्यायचे? (जांबोटी, ता. खानापूर)

जांबोटी_वॉर्ड
नमस्कार मंडळी. जांबोटी भागातल्या दोन गावांत दिवाळीनंतर आकाशात दिवे दिसल्याच्या तक्रारी आल्या आहेत. दोन्ही गावांत सरळ रेषेत ४ किमी अंतर आहे. लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात:

१) दिवस मावळल्यावर नैर्ऋत्येला एक मोठा पांढरा दिवा. तासभर तिथेच असतो, रोज दिसतो.
२) एका संध्याकाळी ठिपक्यांची रांग. एकामागून एक गेले आणि मध्येच विझले.
३) एकदा रानाच्या बाजूने वर आलेला नारिंगी गोळा. आवाज नाही, पाच-सात मिनिटांत गायब.

गावात "ड्रोन घेऊन चोर फिरायलेत" असं सुरू झालंय, पोरं काठ्या घेऊन रात्री रस्त्यावर आहेत. पीडीओ (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) आणि पोलिस ठाणं दोघांनीही "लेखी काय ते द्या" म्हणून सांगितलंय. जबाब कसे घ्यायचे, काय मोजायचं, कुणाकडे द्यायचं? मोबाईलवरचे दोन-तीन व्हिडिओही आहेत.

वेध_सांबरा
आधी एक काम आजच करा: ज्यांनी पाहिलंय त्यांना एकत्र बसवू नका. चावडीवर दहा जण जमले की सगळ्यांचा मिळून एकच किस्सा तयार होतो आणि मग कुणी स्वतः काय पाहिलं ते वेगळं काढता येत नाही. प्रत्येकाला वेगळं भेटा, आणि शक्यतो तो जिथे उभा होता तिथेच, त्याच वेळेला.

पहिली पाच मिनिटं त्याला मधे न टोकता बोलू द्या. "तबकडी", "ड्रोन", "यान" हे शब्द आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. तो जे शब्द वापरतो तेच लिहा. मग कागदावर चित्र काढायला सांगा, त्यात झाड, घराची कौलं, डोंगराची कड जे जे समोर होतं ते यायला हवं. हे झाल्यावरच प्रश्न विचारा.

"किती मोठं होतं?" आणि "किती लांब होतं?" हे दोन प्रश्न विचारूच नका. रात्रीच्या आकाशात अनोळखी दिव्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, आणि अंतर कळलं नाही तर आकारही कळत नाही. साक्षीदार प्रामाणिक असला तरी "पन्नास फुटांवर, ट्रॅक्टरएवढं" हा आकडा मनानेच भरलेला असतो. त्याऐवजी कोन विचारा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश, करंगळीची जाडी १ अंश, पूर्ण चंद्र अर्धा अंश. "करंगळीमागे झाकलं गेलं असतं का?" याचं उत्तर कुणीही देऊ शकतो.

क्षितिजापासूनची उंची मोजायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो. त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा, मध्यबिंदूतून दोरा ओवा, टोकाला लोखंडी नट बांधा. नळीतून त्या जागेकडे बघायचं, दोरा स्थिर झाला की बोटाने दाबून धरायचा. नळी आडवी असताना दोरा ९० वर येतो, त्यामुळे ९० आणि वाचलेला आकडा यांतला फरक म्हणजे उंची. वारा असेल तर तीन वेळा मोजून मधला आकडा घ्या.

वेळ "साडेसातच्या सुमारास" अशी घेऊ नका. दिवा दिसल्यावर त्याने कुणाला फोन केला होता का? कॉल लॉगमध्ये नेमकी वेळ सापडते. व्हॉट्सअ‍ॅपवर काही टाकलं असेल तर तीही वेळ चालते. शेवटची बस, थ्री फेज लाईट यायची वेळ, हे दुय्यम आधार. किती वेळ दिसला हे तोंडी विचारू नका, त्याला मनात पुन्हा तो प्रसंग आणायला सांगा, "आता दिसला... आता गेला" म्हणायला सांगा आणि तुम्ही स्टॉपवॉच लावा. अंदाजाने सांगितलेली "दहा मिनिटं" पुष्कळदा तीन भरतात.

मलप्रभाकाठ
व्हिडिओंबद्दल. फॉरवर्ड होऊन आलेली प्रत उपयोगाची नाही. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि फाईलच्या आतली माहिती काढून टाकतं. ज्याने काढला त्याच्याच फोनमधून केबलने मूळ फाईल घ्या. अगदीच जमत नसेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. मिळाल्याबरोबर तिचा एसएचए-२५६ हॅश (फाईल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून वहीत लिहा. पुढे पोलिसांनी पुरावा म्हणून घेतली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लागतोच.

आणि झूम केलेल्या व्हिडिओत "गोल थाळी" दिसत असेल तर थांबा. अंधारात एकाच ठिपक्यावर फोनचा फोकस सुटतो आणि ठिपक्याची थाळी होते. तोच फोन, तेवढाच झूम, लांबच्या टॉवरच्या दिव्यावर धरा. तशीच थाळी आली तर तो आकार कॅमेऱ्याचा.

जांबोटी_वॉर्ड
मनापासून आभार. एक अडचण: दिशा मोबाईलच्या होकायंत्राने घेतली तर एकाच जागी २२५, २४०, २५२ अंश (उत्तरेपासून उजवीकडे मोजलेले) असे आकडे येतात. कुठला धरायचा?

वेध_सांबरा
एकही नको. पत्र्याचं छप्पर, मोटारसायकल, विजेचा खांब, फोनच्या कव्हरातलं चुंबक, सगळ्याने त्याची सुई फिरते. खुणेने दिशा घ्या. साक्षीदाराला विचारा: "दिवा कशाच्या वर होता?" देवळाचा कळस, टॉवर, ठरावीक माड, डोंगराची खिंड. मग गुगल अर्थवर साक्षीदाराच्या जागेपासून त्या खुणेपर्यंत मोजपट्टी ओढा, दिशेचा अंश तिथेच लिहून येतो. खूण शंभर मीटरपेक्षा लांब असेल तर चूक एक-दोन अंशांच्या आत राहते.

हे दोन्ही गावांतून करा. तुमच्याकडे ४ किमीचा पाया (मोजणीच्या दोन जागांमधलं अंतर) आहे, ही फार मोठी सोय आहे. दोन्ही गावं जोडणारी रेघ दिव्याच्या दिशेला साधारण काटकोनात असेल आणि दोन्हीकडच्या दिशांत २० अंशांचा फरक आला, तर वस्तू ११ किमीच्या आसपास. फरक ५ अंश असेल तर ४५ किमी. फरक १ अंशाहून कमी असेल तर सव्वादोनशे किमीच्या पलीकडे, म्हणजे तिथे ड्रोन असणं शक्यच नाही. फक्त दोन्ही मोजमापं एकाच मिनिटाची हवीत.

तारांगण_निपाणी
पहिला दिवा रोज तिथेच येतो म्हणताय तर त्याची परीक्षा सोपी आहे. स्टेलॅरियम (आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप) घ्या, जागा खानापूर (अक्षांश १५.६, रेखांश ७४.५) लावा, तारीख-वेळ टाका आणि त्या दिशेला बघा. ग्रह असेल तर तो चालीवरूनही कळतो. आपल्या अक्षांशावर नैर्ऋत्येला १४ अंशांवर असलेला ग्रह २० मिनिटांत साधारण ४ अंश खाली उतरतो आणि २ अंश उजवीकडे सरकतो. भिंतीच्या कोपऱ्याला डोळा लावून बघा, मोकळ्या माळावरून नको. काळोखात आधार नसताना एकाच ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास होतो, म्हणूनच "इकडे तिकडे फिरत होता" असे जबाब येतात.

याला कुणी हसू नये. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराजवळ आपल्या जवानांनी असे दिवे शेकड्याने नोंदवले होते आणि चिनी ड्रोनचा संशय होता. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्यावर ते गुरू आणि शुक्र निघाले. अशा तपासाला वेळ आणि दिशा नीट लिहिलेल्या लागतात.

ठिपक्यांची रांग बहुतेक स्टारलिंक, म्हणजे इंटरनेटचे उपग्रह. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस ते उपग्रह एका ओळीत जातात. मध्येच विझतात कारण ते पृथ्वीच्या सावलीत शिरतात, आणि सगळे साधारण एकाच जागी विझतात. साक्षीदाराला हेच विचारा: सगळे एका जागी विझले की प्रत्येक वेगळ्या जागी? त्या तारखेची वेळ हेव्हन्स-अबव्ह या उपग्रहांच्या वेळा देणाऱ्या संकेतस्थळावर ताडून घ्या.

विमानंही धरा. गोव्याचं मोपा विमानतळ जांबोटीपासून सरळ रेषेत पश्चिमेला ५०-५५ किमीवर आहे. तिथून पूर्वेकडे उडालेलं विमान पुढचे दिवे तुमच्याकडे रोखून येतं, त्यामुळे काही मिनिटं जागचं हलत नाही आणि वळलं की "गायब" होतं. फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मागचं बघता येतं, पण फुकट खात्यात मोजकेच दिवस, तेव्हा आजच बघा. लष्करी विमानं त्यात दिसतीलच असं नाही.

कचेरीवाट
कागदांचं सांगतो. आपल्याकडे यासाठी वेगळं खातं नाही, त्यामुळे अर्ज नेहमीच्या वाटेनेच जातो. पोलिस ठाण्याला "माहिती अर्ज" द्या, एफआयआर मागू नका. गुन्हा काय ते सांगता येत नसेल तर अर्ज अडकून पडतो. एक प्रत पीडीओला, एक तहसीलदारांना, तिन्हीवर पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत सोबत जोडा. जबाब मात्र साक्षीदाराच्याच बोलीत लिहून त्याची सही घ्या आणि कन्नड भाषांतर वेगळ्या पानावर ठेवा. भाषांतरात "गोळा" चा "यान" झाला की पुढे कुणी मूळ तपासत नाही.

पीडीओला त्याच अर्जात विचारा: त्या दिवसांत मोजणीचे किंवा फवारणीचे ड्रोन कुणी आणले होते का? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (नकाशावर ड्रोनला मोकळा ठेवलेला भाग) ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण २५० ग्रॅमवरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो.

विमानतळाकडे माहिती अधिकारात विचारायचं असेल तर "ते काय होतं?" असं लिहू नका. अभिप्राय मिळत नाही, नोंद मिळते. "अमुक तारखेला अमुक ते अमुक वेळेत विमानांची ये-जा झाली का, नोंदीची प्रत द्यावी" असं लिहा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयांना अर्ज करताना कर्नाटकचा नियम लक्षात ठेवा: एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. हवाईदलाकडून सुरक्षेच्या कारणाने नकार येऊ शकतो.

काठ्या घेतलेल्या पोरांना आवरा. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, नगरकडच्या गावांत ड्रोनच्या अफवेने असेच रात्रीचे पहारे लागले होते. अनोळखी प्रवासी त्यात सापडला तर गुन्हा गावावर येतो. काही संशयास्पद दिसलं तर ११२ लावायचं, एवढंच ठरवून द्या.

जांबोटी_वॉर्ड
सांगितल्याप्रमाणे दोन्ही गावांत केलं. पहिला दिवा: संध्याकाळी ७:१५ ला दिशा २३८, उंची १४. दोन्ही गावांतून दिशेत फरक एक अंशाच्या आत. ८:२० च्या सुमारास डोंगराआड. स्टेलॅरियममध्ये त्याच जागी शुक्र आहे. रांगेबद्दल पाचही जणांनी वेगवेगळं विचारूनही "सगळे एकाच ठिकाणी विझले" सांगितलं, वेळही जुळते.

नारिंगी गोळ्याला दोनच साक्षीदार, दोघे एकाच घरातले. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, स्टॉपवॉचने ६ मिनिटं. दिशा पक्की सांगता येत नाही.

तारांगण_निपाणी
पहिले दोन सुटले. तिसऱ्यासाठी वारा बघा. सांबरा (बेळगाव) विमानतळाचे मेटार, म्हणजे हवामानाचे अहवाल व्हीओबीएम या संकेताने मिळतात. त्यातली वेळ झुलू (ग्रीनिचची) असते, ५ तास ३० मिनिटं मिळवा. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो ती लिहितात, त्यामुळे ०८० म्हणजे पूर्वेचा वारा, गोळा पश्चिमेला जाणार. ८ नॉट म्हणजे ताशी सुमारे १५ किमी. ६ मिनिटांत दीड किमी. उडता कंदील पाच-दहा मिनिटं जळतो, नारिंगी दिसतो, आवाज नसतो. वारा जुळला तर साक्षीदारांच्या घरापासून पश्चिमेला दीड-दोन किमीच्या पट्ट्यात शोधा: तारेची कडी, जळका कागद, मेणाचा बोळा. हे दिवस भाताच्या मळणीचे आहेत, गवताच्या गंज्या उघड्यावर आहेत, तेव्हा कंदील निघाला तर सोडणाऱ्याला गाठून थांबवायलाच हवं. रानात शिरण्याआधी वनखात्याला सांगा.

कडीऐवजी धातूचा जड तुकडा, टाकी किंवा वायर लोंबणारी पेटी सापडली तर हात लावू नका. २०२२ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात रॉकेटची मोठी धातूची कडी पडली होती. अशा टाक्यांत विषारी इंधन उरलेलं असू शकतं. शेजारी पट्टी ठेवून लांबून फोटो आणि ११२. काळा दगड सापडला तर त्याला चुंबक लावून बघू नका, त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसते. उल्का भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जातात.

वेध_सांबरा
काहीच सापडलं नाही तर अर्जात "अनोळखी वस्तू" लिहू नका. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा विभाग १९७७ पासून हेच काम करतो आणि नोंदी चार वर्गांत टाकतो: ए म्हणजे ओळख पटली, बी म्हणजे बहुधा पटली, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे माहिती भरपूर असूनही उलगडा नाही. सी आणि डी यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. अमेरिकी हवाईदलाने १९६९ मध्ये काम बंद केलं तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ "अनोळखी" राहिल्या, आणि त्या सगळ्या डी सारख्याच असल्यासारखा आकडा आजही फिरतो.

तुमची तिसरी नोंद एकाच घरातल्या दोघांची, दिशेशिवाय. कंदिलाची कडी मिळाली तर ए, नुसता वारा जुळला तर बी, वाराही जुळला नाही तर सी. अर्जात तेच लिहा आणि दोघांचे जबाब जसेच्या तसे जोडा.

जांबोटी_वॉर्ड
त्या वेळचा मेटार ०७० अंश, ७ नॉट. म्हणजे गोळा नैर्ऋत्येकडे झुकत पश्चिमेला जायला हवा, जबाबाशी जुळतंय. वनरक्षकांना कळवलंय, उद्या सकाळी त्यांच्यासोबत पट्टा बघतो. तोवर अर्जात "बी" लिहून ठेवतो. पहिल्या दिव्यासाठी आज ७ वाजता शाळेच्या पटांगणात कोनमापक लावतोय, पहारेकरी पोरांनाच मोजायला सांगितलंय.