एकात एक बसणारी टेबलं: आमचा अनुभव

एकात एक बसणाऱ्या तीन टेबलांचा संच घेतला तर आतली दोन टेबलं बाहेर निघतच नाहीत, त्यापेक्षा एक चांगला टीपॉय बरा, असं वर दोघा-तिघांनी लिहिलंय. मला हे पटत नाही. आमच्याकडे मोठं टेबलच एका जागी असतं, दिवसभर फिरतं ते सगळ्यात धाकटं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, खाली मांडी घालून बसता येत नाही. त्यांच्या खुर्चीशी ते टेबल ओढलं की ताट, पाण्याचं भांडं, गोळ्यांची डबी सगळं हाताशी. दुपारी त्यावरच त्या शेंगा सोलतात. हॉल दहा बाय बाराचा, त्यात तीन सुटी टेबलं कुठे ठेवणार? हळदीकुंकवाला मात्र तिन्ही लागतात, आणि बायका गेल्या की पाच मिनिटांत परत एका टेबलाची जागा.

घेताना एक गोष्ट नक्की बघा, ती इथे कुणी लिहिलेली नाही. काही संचांत मोठ्या टेबलाखाली दोन्ही बाजूंना खाचेच्या पट्ट्या असतात आणि धाकटी टेबलं त्यात सरकतात. मोठं उचललं की सगळी एकदम उचलली जातात, झाडूपोछा सोपा होतो. दुसरं म्हणजे पाय भरीव लाकडाचे घ्या. आमचा पहिला संच भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा होता. रोजच्या ओल्या पोछ्याने दोन पावसाळ्यांत पाय खालून फुगले आणि मधलं टेबल आत जाईना. आताचा शिसवीचा आहे, पायांना खालून नमद्याच्या चकत्या लावल्यात, फरशीवर ओढताना आवाजही होत नाही.